खालून तिसरी पायरी, डावी बाजू

निवारा केंद्र, खाट क्रमांक सतरा (तात्पुरती)
शनिवार, दुपारचे दोन

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला 'इकडे सगळं ठीक आहे' असं लिहायची पद्धत आहे आणि ती मी सात वर्षं न चुकता पाळली. पण ते वाक्य खरं असण्याची ही पहिलीच वेळ आहे, म्हणून या वेळी जरा सावकाश लिहितो. इकडे सगळं ठीक आहे. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला, की अजून पहाटे घरभर गजर करतो? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की ते बाथरूमला आतून कडी लावत नाहीत, आत आहोत हे कळावं म्हणून नुसतं गाणं म्हणतात. त्याला कारण मी आहे, हे मी विसरलेलो नाही. (ते कुलूप मी दुरुस्त करायला नको होतं, कारण ते बिघडलेलंच नव्हतं. पण आठ दिवस नुसतं पाहुणा म्हणून बसवलं की माझे हात शिवशिवतात. भावोजी अर्धा दिवस आत राहिले आणि बाहेर आल्यावर मला एक शब्द बोलले नाहीत. हा त्यांचा मोठेपणा मी इकडे सगळ्यांना सांगत असतो.)

आता जे सांगणार आहे ते उभ्याने वाचू नकोस, बस. भावोजींना मोठ्याने वाचून दाखवत असशील तर एवढा भाग आधी मनात वाच. सात वर्षांपूर्वी रस्तारुंदीत माझी खोली पाडली तेव्हा मी तुला कळवलं होतं, की काळजीचं कारण नाही, महापालिकेच्या मुख्य इमारतीपाशी छान जागा मिळाली आहे. अगदी शहराच्या मध्यात, हवेशीर, भक्कम दगडी बांधकाम, दाराशी दिवसरात्र पहारेकरी, भाडं नाही, समोरच पोस्ट. तुला आनंद झाला आणि तू गल्लीभर सांगितलंस की धाकटा सरकारी जागेत राहतो. ताई, यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. छताबद्दल तेवढं तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. ती जागा म्हणजे महापालिकेच्या पायऱ्या. दिवसा मी नेहमीप्रमाणे पोस्टाच्या भिंतीला टेकून लोकांच्या किल्ल्या करून द्यायचो आणि कचेरी सुटली की स्टूल, किल्ल्या घासायची कानस आणि कोऱ्या किल्ल्यांची माळ पिशवीत भरून समोर पायरीवर जायचो. हे तुझ्यापासून लपवलं याची मला लाज वाटते. आधी लिहिलं असतं तर तू भावोजींना घेऊन पहिल्या गाडीने आली असतीस आणि मला मानगुटीला धरून घेऊन गेली असतीस. म्हणूनच लिहिलं नाही.

रडू नकोस. पुढे मजा आहे.

पायऱ्यांवर राहायला लागून महिना झाला नसेल, तेव्हा माझी रकानेसाहेबांशी ओळख झाली. हे महापालिकेतले नोटीस बजावणारे कारकून. (रकानेसाहेब हे नाव आम्ही पायरीवाल्यांनी ठेवलं. ते त्यांना माहीत आहे आणि मला वाटतं मनातून आवडतंही.) महापालिकेच्या जागेत बेकायदा मुक्काम करणाऱ्याला सात दिवसांत जागा खाली करण्याची नोटीस द्यावी लागते आणि त्या नोटिशीत 'राहणार' असा रकाना आहे. आता रस्त्यावरच्या माणसाचा तो रकाना कुणीही कोरा सोडला असता किंवा आडवी रेघ मारली असती. रकानेसाहेबांच्या नोकरीत कोरा रकाना झालेला नाही. त्यांनी चष्मा पुसला, इमारतीकडे पाहिलं आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'राहणार: महापालिका मुख्य इमारत, पायऱ्या, डावी बाजू'. पुढे एकदा माझी नोटीस चुकून छत्रीवाल्याला गेली (तो छत्र्या दुरुस्त करतो आणि माझ्या दोन पायऱ्या वर असायचा), तेव्हापासून त्यात 'खालून तिसरी' एवढी भर पडली. मी सही करायचो, ते शिक्का मारायचे, आणि एक प्रत मला मिळायची.

मुदत उलटून दोनेक आठवडे झाले की रकानेसाहेब पुन्हा यायचे आणि मी खरोखर जागा खाली केलेली असायची. म्हणजे उजव्या बाजूला गेलेलो असायचो. डाव्या बाजूच्या नोटिशीवर उजव्या बाजूच्या माणसाला उठवता येत नाही, हे त्यांनीच मला पहिल्यांदा सांगितलं. मग ते नवी नोटीस लिहायचे, मी सात दिवसांनी डावीकडे यायचो, आणि तिकडच्या जुन्या नोटिशीची मुदत संपलेली असल्यामुळे पुन्हा नवी. सात वर्षांत अशा एकशे एकोणीस नोटिसा झाल्या. रकानेसाहेब मुलीच्या लग्नाला रजेवर गेले तेव्हा त्यांच्या दोन पाळ्या चुकल्या, तर परत आल्यावर त्यांनी माझ्याकडे दिलगिरी व्यक्त केली. सगळ्या नोटिसा मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तुझ्या पत्रांबरोबर ठेवत गेलो. तुला माहीतच आहे, मी कागद टाकत नाही. आईने यावरून मला किती बोल लावले असतील, पण त्या सवयीचं सोनं कसं झालं ते आता ऐक.

गेल्या वर्षी एका सकाळी एक वकीलबाई धावत माझ्यापाशी आल्या. कचेरीला कुलूप, किल्ली आत, केसचे कागद आत, आणि कोर्ट भरायला पाऊण तास. कुलूप मी चार मिनिटांत उघडलं (तसं ते दोनच मिनिटांचं होतं, पण लगेच उघडलं की माणसांचा आपल्या कुलपावरचा विश्वास उडतो). संध्याकाळी त्या आभार मानायला परत आल्या तेव्हा मी पिशवी आवरून पायरीकडे निघालो होतो. कुठे राहता म्हणून त्यांनी विचारलं आणि मी बोटाने दाखवलं. त्या माझ्याबरोबर येऊन पायरीवर बसल्या आणि सांगू लागल्या, की ज्यांना घर नाही त्यांच्यासाठी महापालिकेने निवारा बांधलाच पाहिजे असा कायदा आहे, बारा वर्षं झाली, आणि या शहरात एकही नाही. मला वाटलं, असेल, पुष्कळ कायदे असतात. पण या बाई वयाने आपल्या सर्वांत धाकट्या भाचीएवढ्या आणि चिकाटीने तुझ्याएवढ्या. तुम्ही वादी व्हा, म्हणाल्या. मी म्हटलं, मी कुणाशी वाद घालत नाही. त्यांनी समजावून सांगितलं आणि आठ दिवसांत मी वादी क्रमांक एक झालो. छत्रीवाला दोन, आणि रुग्णालयातून निवृत्त झालेल्या एक आया तीन.

अर्ज दाखल करायला गेलो तर खिडकीवरच गाडं अडलं. वादीचा पत्ता लिहिल्याशिवाय अर्ज घेता येत नाही. वकीलबाईंनी सांगितलं, की यांना पत्ता नाही हीच तर तक्रार आहे. खिडकीतल्या गृहस्थांना ते पटलं, त्यांना वाईटही वाटलं, पण पत्ता हवाच होता. तासभर हे चाललं. शेवटी मी डब्यातली एक नोटीस काढून दाखवली आणि त्यावरचा पत्ता त्यांनी आनंदाने उतरवून घेतला. त्यामुळे झालं असं, की वादी राहणार महापालिका मुख्य इमारत आणि प्रतिवादीही महापालिका मुख्य इमारत. कोर्टाचे बेलीफ समन्स घेऊन आले तेव्हा त्यांना एकाच फेरीत दोन्ही कामं उरकता आली. त्यांचे गुडघे तुझ्यासारखेच, त्यांनी महापालिकेची प्रतही माझ्याच हाती दिली. मी ती वर दुसऱ्या मजल्यावर नेऊन पोचपावती आणून दिली. स्वतःच घातलेल्या केसचं समन्स स्वतःच पोचवणारा मी या कोर्टातला पहिलाच, असं वकीलबाई म्हणतात.

मग महापालिकेने उत्तर दिलं. शपथेवर लिहून दिलं की शहरात बेघरांची रीतसर मोजणी केली असून त्यांची संख्या शून्य आहे. हे ऐकून छत्रीवाला स्वतःचे हातपाय चाचपून बघायला लागला. ताई, ती मोजणी माझ्यादेखत झाली होती. सकाळी अकराला एक गृहस्थ फलक आणि तक्ता घेऊन आले. अकरा वाजता कुठला बेघर माणूस मोकळा सापडणार? छत्रीवाला छत्र्या शिवत होता, आयाबाई एका म्हाताऱ्या आजोबांना फिरवून आणायला गेल्या होत्या, बाकीचे हमालीवर, बांधकामावर, धुणीभांड्यांना. पायऱ्या रिकाम्या. गृहस्थ दमून माझ्या स्टुलावर बसले, स्वतःच्या टेबलाच्या खणाची किल्ली करून घेतली, आणि इथे कुणी बेघर दिसतात का हो, म्हणून मलाच विचारलं. मी हातातलं काम न थांबवता म्हटलं, आत्ता सगळे कामावर गेलेत. ते म्हणाले, म्हणजे नाहीत. आणि माझ्याच स्टुलावर बसून, माझंच पेन घेऊन, त्यांनी तक्त्यात शून्य लिहिलं. किल्ली मात्र उत्तम लागली असं नंतर कळलं.

त्या शून्यावर वकीलबाईंनी बिस्किटांचा डबा कोर्टापुढे ठेवला. एकशे एकोणीस नोटिसा, प्रत्येकीवर महापालिकेचा शिक्का, आणि प्रत्येकीवर रकानेसाहेबांच्या मोत्यासारख्या अक्षरात मी कुठे राहतो ते. वकीलबाईंनी एवढंच विचारलं, की शहरात बेघर नाहीत तर महापालिका सात वर्षं दर तीन आठवड्यांनी कुणाला पत्र लिहीत होती? न्यायाधीश साहेबांनी नोटिसा एकेक करून पाहिल्या. मधेच म्हणाले, अक्षर फार सुंदर आहे. रकानेसाहेब मागच्या बाकावर नोटिसांची वही घेऊन बसले होते. ते उभे राहिले, नमस्कार केला आणि पुन्हा बसले. आपल्याच महापालिकेला आपण खड्ड्यात घातलं हे त्यांच्या तोवर लक्षात आलं नव्हतं, आणि आल्यावरही त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. रकाने बरोबर भरले होते, एवढं त्यांना पुरे होतं.

आता तुझा भाग. डबा तसाच्या तसा जमा झाला होता, त्यामुळे तुझी पत्रंही कोर्टात गेली. (मला आधी सुचलं असतं तर मी ती काढून ठेवली असती. नाही सुचलं, आणि आता वाटतं बरं झालं.) महापालिकेच्या वकिलांनी त्यातलं एक उचललं आणि म्हणाले, हा माणूस बेघर नाहीच, याला घर आहे, ऐका. आणि त्यांनी तुझं गेल्या उन्हाळ्यातलं पत्र वाचायला घेतलं. त्यांना त्यातली दोनच वाक्यं वाचायची होती, पण न्यायाधीश साहेब म्हणाले की वाचायचं तर पूर्ण वाचा. त्यामुळे भरल्या कोर्टात काळा कोट घातलेल्या त्या भारदस्त माणसाने मला सांगितलं, की उन्हात डोक्याला काहीतरी बांधत जा, फाटके बनियन शिवत बसू नकोस, टाकून दे, आणि पोट साफ होत नसेल तर दुर्लक्ष करू नकोस. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कुणी हसलं नाही म्हणावं तर आयाबाईंचे खांदे हलत होते. मग त्यांनी शेवट वाचला. तुला आठवत नसेल, मला पाठ आहे. 'वरची खोली तशीच आहे. किल्ली खिळ्याला आहे. कधीही ये, विचारून येऊ नकोस. भावोजी सांगतायत की येताना कानस तेवढी तुझ्या घरी ठेवून ये.' यावर सगळे हसले, आणि हसता हसता गप्प झाले, कारण कानस ठेवायला माझ्याकडे घर नव्हतं हे बहुतेक सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं.

न्यायाधीश साहेबांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, अशी बहीण असताना तुम्ही जात का नाही? वकीलबाई उत्तर द्यायला उठल्या, त्यांना साहेबांनी हाताने खूण करून बसवलं. मी किल्ल्या करणारा माणूस, मला चार लोकांत बोलायची सवय नाही. पण तुझं पत्र नुकतंच ऐकलं होतं, त्याने धीर आला होता. मी म्हटलं, साहेब, मला बहिणीकडे जायला फार आवडतं. पण पाहुणा म्हणून जायचं तर परत यायला जागा लागते. ती नसेल तर मी जातो तो पाहुणा नसतो, आणि मग मला जायला आवडणार नाही, आणि तिला ते कळेल. माझे हात चालतायत, गिऱ्हाईक इथे आहे, तीस वर्षं पोस्टाच्या भिंतीला टेकून काम केलंय. मला फक्त पाठ टेकायला जागा पाहिजे.

एवढंच बोललो. महापालिकेचे वकील पुन्हा उठले तेव्हा साहेब म्हणाले, "बहिणीची माया बहिणीची. ती महापालिकेने आपली म्हणून दाखवू नये." हे वाक्य निकालातही आहे, ताई. पान सात, वरून चौथी ओळ. वकीलबाईंनी मला त्याची प्रत काढून दिली आहे, ती कोर्टातून परत मिळालेल्या डब्यात आहे. ज्या सरकारी जागेत मी राहतो असं तू गल्लीभर सांगत होतीस, त्या सरकारच्या कागदात आता तुझा उल्लेख आहे. गल्लीला हेही सांग.

निकाल असा की सहा आठवड्यांत निवारा उघडा, आणि मोजणी पुन्हा करा, ती अकरा वाजता नको. महापालिकेची धावपळ बघण्यासारखी होती. जुन्या नोंदींचं कोठार रिकामं केलं, भिंतींना रंग दिला, बायकांसाठी वेगळी बाजू केली, आणि चाळीस खाटा लावल्या. प्रत्येक खाटेपाशी एक लोखंडी कपाट. कपाटं कुठल्याशा बंद पडलेल्या कचेरीतून आलेली, कुलुपं सगळ्यांना आणि किल्ली एकालाही नाही. मग ज्याने केस घातली त्यालाच काम मिळालं. दोन दिवस बसून मी चाळीस किल्ल्या केल्या आणि ज्याची त्याच्या हातात दिली. आयाबाईंनी आपली किल्ली गळ्यात घातली आहे. छत्रीवाल्याच्या कपाटात ठेवायला काहीच नाही, तरी तो सकाळी निघताना ते बंद करतो, दोनदा ओढून बघतो आणि मग जातो.

तुला एक सांगतो, हसू नकोस. पायरीवर मी पिशवीचा पट्टा पायाच्या घोट्याला गुंडाळून निजायचो. इथे पहिल्या दिवशी दुपारी खाटेवर पाठ टेकली तर हात आपोआप घोट्याकडे गेला. मग आठवलं की पिशवी कपाटात आहे आणि किल्ली खिशात आहे. मी उठून बसलो आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. मला कुणाकुणाचे आभार मानावेत कळेना. वकीलबाईंचे तर आहेतच, त्यांनी माझ्याकडून एक कुलूप उघडून घेतलं आणि मला आख्खं दार उघडून दिलं. न्यायाधीश साहेबांचे, त्या खिडकीतल्या गृहस्थांचे, बेलीफांचे. रकानेसाहेबांचे, ज्यांनी मला उठवण्यासाठी सात वर्षं माझा पत्ता नीट लिहून ठेवला. अगदी शून्यवाल्यांचेही, कारण त्यांनी दोन-तीन असं काहीतरी लिहिलं असतं तर केस इतकी सोपी झाली नसती. आणि सगळ्यांत जास्त तुझे. सात वर्षं मी तुला अर्धवट लिहीत होतो आणि तू मला पूर्ण उत्तर देत होतीस.

असो. पत्र लांबलं. गुडघ्यांना शेक देत जा, भावोजींना गाणं चालू ठेवायला सांग, आणि लहानांना माझी आठवण सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र लिहायला घेतलं ते खरं एका कामासाठी, ते राहूनच गेलं. रकानेसाहेबांची बदली या निवाऱ्यावर झाली आहे आणि प्रवेशाचा अर्ज त्यांनीच तयार केला आहे. अकरा रकाने आहेत. माझे दहा भरले, नववा राहिला. तो असा: 'अर्जदारास ठेवून घेण्यास जवळचे नातेवाईक तयार नसल्याबाबत त्यांच्या सहीचे नकारपत्र'. महिनाअखेरीपर्यंत ते दिलं नाही तर तात्पुरती खाट जाते आणि मी पुन्हा खालून तिसरीवर. तेव्हा कृपा करून एका साध्या कागदावर लिहून पाठव, की 'मी, अर्जदाराची सख्खी बहीण, त्यास माझ्या घरी ठेवून घेण्यास तयार नाही.' एवढंच. सही आणि तारीख.

ता. क. दुसरा. तुझी सवय माहीत आहे म्हणून सांगतो, त्याखाली 'तरी पण केव्हाही ये' असं लिहू नकोस, कागद बाद होईल. बनियनबद्दलही काही नको. तुला लिहवत नसेल तर भावोजींना सांग. बाथरूमच्या आठवणीने ते पटकन लिहून देतील असं आधी वाटलं होतं, पण तेही पेन हातात धरून बसून राहतील, याची मला आता खात्री आहे.

ता. क. तिसरा, आणि हा आधी वाचायला हवा होता. पाकीट चिकटवून पोस्टात टाकायला निघालो होतो, ते परत उघडलं आहे. (कुलूपवाल्याला पाकीट जड नाही.) दारापाशी टेबलावर सगळ्यांची नकारपत्रं रचून ठेवलेली दिसली. चाळिसातली एकोणचाळीस आली आहेत. छत्रीवाल्याच्या भावाचं उलट टपाली आलं, तीन ओळी. आयाबाईंच्या मुलाने टाईप करून पाठवलं आहे, सोबत एक जादा प्रत. आणून देताना कुणी कुणाकडे बघत नव्हतं, असं रकानेसाहेब म्हणाले. रकानेसाहेब ती वाचत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना पेन खाली ठेवलेलं पाहिलं. मला म्हणाले, तुमचं? मी म्हटलं, बहिणीला लिहितोय. ते म्हणाले, मी कोर्टात त्या बाईंचं पत्र ऐकलंय, त्या लिहिणार नाहीत. ताई, चाळिसात माझा एकट्याचाच अर्ज अपुरा आहे. मी तिथे उभा होतो, खाट जायची वेळ आली होती, आणि मला इतका अभिमान वाटला की काय सांगू. आणि लगेच शरम वाटली, कारण छत्रीवाला शेजारीच उभा होता.

म्हणून वरच्या दोन्ही ता. क.वर काट मार. नकारपत्र पाठवू नकोस. रकानेसाहेबांनी स्वतः वकीलबाईंना निरोप धाडला, त्या आल्या, आणि म्हणाल्या की हा नववा रकाना निकालाच्या पान सात, ओळ चारच्या सरळ विरुद्ध आहे. आपण तो सगळ्यांच्याच अर्जातून काढून टाकायला लावू, म्हणजे ते एकोणचाळीस कागदही ज्याचे त्याला परत जातील आणि फाडता येतील. कोर्टात केलेला अर्ज निकाली निघेपर्यंत खाटेला कुणी हात लावत नाही. त्यासाठी एकच कागद कमी आहे: भावाला नकार द्यायला तू नकार देतेस, असं तुझं प्रतिज्ञापत्र. ते इथे येऊन, न्यायाधीश साहेबांपुढे द्यावं लागेल. तेव्हा ये. भावोजींना घेऊन ये. पायऱ्या दाखवतो, तिसरी झाडून ठेवतो. वरच्या खोलीची किल्ली आणू नकोस, ती खिळ्यालाच राहू दे, केस संपली की मी आठ दिवस पाहुणा म्हणून येणार आहे. आणि भावोजींना सांग, या वेळी कानस घरी ठेवून येईन. कपाट आहे, त्याला कुलूप आहे, आणि किल्ली माझ्याकडे आहे.